केव्हीएम होस्टचा लिनक्स कर्नल सुरक्षित ठेवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिनक्सवर केव्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवण्याची लिनक्समधली सोय, वापरणाऱ्यांसाठी आहे, मग ती सांभाळायला तुम्ही लिबव्हर्ट थेट वापरत असा, प्रॉक्समॉक्स बसवलेलं असो किंवा ओपनस्टॅक. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर ही याच क्षेत्रातली कंपनी विकत घेतल्यानंतर बरीच मंडळी इकडे वळली आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले. खाली 'होस्ट' म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर आणि 'गेस्ट' म्हणजे त्यावरचं व्हीएम. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे लागला तर तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. केव्हीएम हा वेगळा हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आहे ना? मग लिनक्स कर्नलची एवढी काळजी कशाला?

केव्हीएम वेगळा नाही, तो कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे. अवी किव्हिटी यांनी २००६ मध्ये तो मांडला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० आवृत्तीत तो मूळ लिनक्समध्ये सामील झाला. केव्हीएमचं मॉड्यूल चढलं की तो कर्नलच हायपरव्हायझर होतो. लिनक्सच्या दृष्टीनं प्रत्येक व्हीएम ही एक साधी प्रोसेस असते आणि व्हीएमचा प्रत्येक आभासी सीपीयू हा त्या प्रोसेसमधला एक थ्रेड. मेमरी वाटणं, वेळ वाटणं, नेटवर्कची पॅकेटं हलवणं ही कामं होस्टचा तोच कर्नल करतो, जो एखाद्या साध्या लॅपटॉपवरही असतो.

म्हणून होस्टच्या कर्नलमधली एक त्रुटी त्यावरच्या सगळ्या व्हीएमची त्रुटी ठरते. चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडानं दाराला कितीही भक्कम कुलूप लावलं तरी वरची तुळई सगळ्यांची एकच असते. गेस्टमध्ये विंडोज असो की लिनक्स, त्यानं यात फरक पडत नाही.

२. गेस्टमधून होस्टपर्यंत पोचायला वाट तरी कोणती असते?

आजवर उघड झालेल्या प्रकरणांवरून चार वाटा दिसतात.

पहिली वाट क्यूईएमयूची. व्हीएमला दिसणारी खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड, खोटा यूएसबी पोर्ट हे सगळं क्यूईएमयू उभं करतं. मे २०१५ मध्ये उघड झालेली 'व्हेनम' ही त्रुटी, सीव्हीई-२०१५-३४५६ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक), फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये होती. तो कोड २००४ पासून तिथे पडून होता. व्हीएमला फ्लॉपी दिलेली नसली, तरी एका वेगळ्याच चुकीमुळे तो कंट्रोलर जिवंत राहत असे. ज्या यंत्रभागाची कुणाला आठवणही उरली नव्हती, त्यातून होस्टवर कोड चालवण्याची शक्यता निर्माण झाली होती.

दुसरी वाट व्हीहोस्टची, म्हणजे वेगासाठी क्यूईएमयूमधून थेट कर्नलमध्ये नेलेल्या कामांची. सप्टेंबर २०१९ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०१९-१४८३५ मध्ये, लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवणं) सुरू असताना गेस्टनं चुकीच्या लांबीचे डिस्क्रिप्टर (बफर कुठे आणि किती मोठा हे सांगणाऱ्या नोंदी) पाठवले की होस्टच्या कर्नलमधला बफर ओसंडत असे.

तिसरी वाट केव्हीएममधलीच. सीव्हीई-२०२१-२९६५७ ही एएमडी प्रोसेसरवरच्या नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमधली (व्हीएमच्या आत व्हीएम चालवण्यातली) त्रुटी होती. गेस्टच्या मेमरीतली माहिती कर्नल आधी तपासत असे आणि मग तीच पुन्हा वाचत असे. मधल्या क्षणात गेस्ट ती बदलू शकत होता. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या फेलिक्स विल्हेल्म यांनी ती शोधली. ५.१० मध्ये ती शिरली आणि ५.११.१२ मध्ये दुरुस्त झाली. अशा त्रुटी दुर्मीळ आहेत, आणि त्यांची किंमतही तशीच आहे. गूगलच्या 'केव्हीएमसीटीएफ' उपक्रमात गेस्टमधून पूर्ण बाहेर पडून दाखवणाऱ्याला २,५०,००० डॉलरपर्यंत बक्षीस आहे.

चौथी वाट प्रोसेसरचीच. तिच्याबद्दल प्रश्न ६ आणि ७ पाहा.

या चारही वाटांपेक्षा आधी बंद करायची गोष्ट वेगळी आहे, आणि ती म्हणजे होस्टचं व्यवस्थापन पान. ते उघड्या इंटरनेटवर असेल तर गेस्टमधून बाहेर पडण्याचे कष्ट हल्लेखोर घेईल कशाला? फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआयआर्ग्स' या खंडणीखोर सॉफ्टवेअरनं जगभरचे व्हीएमवेअर होस्ट कुलूपबंद केले. फ्रान्सच्या सायबर सुरक्षा पथकानं, सर्ट-एफआरनं, ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं, तिचा पॅच दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येच आलेला होता. प्रॉडक्ट वेगळं असलं तरी केव्हीएमवाल्यांनी हे प्रकरण नीट लक्षात ठेवावं.

३. अपडेट मी दर महिन्याला न चुकता टाकतो. तेवढं पुरत नाही का?

नाही. माझ्या मते या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. पॅकेज बसलं म्हणजे नवा कर्नल डिस्कवर आला. मेमरीत मात्र जुनाच चालू असतो आणि रीबूट होईपर्यंत तोच राहतो. 'यूनेम -आर' ही आज्ञा चालू कर्नल दाखवते. तो आकडा आणि बसवलेल्या सर्वांत नव्या पॅकेजचा आकडा शेजारी ठेवून पाहा. उबुंटूवर रीबूट बाकी असेल तर 'रीबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार होते, रेड हॅट घराण्यात 'नीड्स-रिस्टार्टिंग -आर' हेच सांगतं. तुमच्या मॉनिटरिंगमध्ये 'अपडेट बाकी' या रकान्याशेजारी 'रीबूट बाकी' हा रकाना हवाच. अपडेट टाकल्याचा अहवाल हिरवा आणि होस्ट चारशे दिवस न थांबता चालू, असं दिसलं तर तो हिरवा रंग खोटा आहे.

याचा दुसरा अर्धा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. क्यूईएमयूचं पॅकेज बदललं तरी आधीपासून चालू असलेली व्हीएम जुन्याच क्यूईएमयूवर चालत राहतात. गेस्टच्या आतून रीस्टार्ट केल्यानं काही होत नाही, कारण होस्टवरची प्रोसेस तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, किंवा पॅच केलेल्या दुसऱ्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट करावं लागतं.

४. एका होस्टवर वीस-तीस व्हीएम आहेत. दर वेळी सगळं बंद करून रीबूट कसं करायचं?

दोन किंवा अधिक होस्ट असतील तर एकेक रिकामा करत जा. एका होस्टवरची व्हीएम बाकीच्यांवर हलवायची, मोकळा झालेला होस्ट अपडेट करून रीबूट करायचा, तासभर निरखायचा, मग पुढचा घ्यायचा. यासाठी एक होस्ट बाजूला काढल्यावरही बाकीच्यांवर सगळा भार मावला पाहिजे. खरेदीच्या वेळीच हा हिशेब धरा. रॅम काठोकाठ भरलेल्या क्लस्टरवर पॅचिंग नेहमी 'पुढच्या महिन्यात' जातं.

मायग्रेशनमध्ये गेस्टची सगळी मेमरी नेटवर्कवरून जाते, पासवर्ड आणि किल्ल्यांसकट. त्यासाठी वेगळं नेटवर्क ठेवा आणि टीएलएस चालू करा.

होस्ट एकच असेल तर पळवाट नाही. महिन्यातली एक ठरलेली रात्र वापरकर्त्यांना आधी कळवून घ्या आणि ती रद्द होऊ देऊ नका.

५. लाइव्ह पॅचिंग घेतलं तर रीबूट टळतं का?

लांबणीवर पडतं, टळत नाही. ही कल्पना केस्प्लाइसनं रुळवली. ते ओरॅकलनं २०११ मध्ये घेतलं. पुढे रेड हॅटचं केपॅच आणि सुसेचं केग्राफ्ट आलं आणि दोन्हींचा समाईक पाया २०१५ मध्ये ४.० आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आला. त्रुटी असलेल्या फंक्शनकडे जाणारी हाक नव्या फंक्शनकडे वळवणं, एवढंच त्याचं तंत्र आहे. त्यामुळे डेटाची रचनाच बदलणारी दुरुस्ती त्यात अवघड जाते. मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, उत्पादकानं दिलेलं सॉफ्टवेअर) आणि क्यूईएमयू तर त्याच्या कक्षेतच येत नाहीत. तातडीच्या त्रुटीत मिळालेला श्वास घ्यायचा अवधी म्हणून ते उत्तम आहे. त्याच्या भरवशावर वर्षभर रीबूट न करणं मी कुणालाही सुचवणार नाही.

६. स्पेक्टर-मेल्टडाउन तर २०१८ ची गोष्ट. ते प्रकरण मिटलं ना?

मिटलं नाही, सुरू झालं. ३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. मग त्याच जातीच्या आणखी येत गेल्या. त्याच ऑगस्टमध्ये एल१टीएफ, मे २०१९ मध्ये एमडीएस, जुलै २०२२ मध्ये रेटब्लीड, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झेनब्लीड, डाउनफॉल आणि इन्सेप्शन, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ईटीएच झुरिकच्या संशोधकांनी मांडलेलं व्हीएमस्केप. हे शेवटचं तर खास आपल्या विषयाचं आहे. त्यात गेस्ट आपल्याच क्यूईएमयू प्रोसेसच्या मेमरीतली गुपितं झिरपवू शकतो. एएमडी झेनच्या पहिल्यापासून पाचव्यापर्यंतच्या पिढ्या त्यात सापडल्या.

कारण बहुतेक ठिकाणी सारखंच आहे. वेगासाठी प्रोसेसर पुढची पावलं अंदाजानं आधीच टाकून ठेवतो आणि अंदाज चुकला तरी त्याच्या खुणा कॅशमध्ये मागे राहतात. एकाच प्रोसेसरवर परस्परांना अनोळखी गेस्ट चालवणं हाच व्हर्च्युअलायझेशनचा धंदा असल्यानं या त्रुटींचा सर्वाधिक फटका आपल्यालाच बसतो.

तुमच्या होस्टची स्थिती पाहायला /सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज ही डिरेक्टरी उघडा. प्रत्येक त्रुटीची एक फाइल असते. 'नॉट अफेक्टेड' किंवा 'मिटिगेशन' दिसलं तर ठीक. पण ओळ शेवटपर्यंत वाचा. सुरुवात 'मिटिगेशन'नं होते आणि शेवटी 'एसएमटी व्हल्नरेबल' लिहिलेलं असतं (एसएमटी म्हणजे हायपरथ्रेडिंग, एका कोअरवर एकाच वेळी दोन थ्रेड चालवणं), असं जुन्या इंटेलवर हमखास दिसतं. त्याचं काय करायचं, ते पुढच्या प्रश्नात.

७. मग हायपरथ्रेडिंग बंदच करायचं का?

तुमचे गेस्ट कुणाचे आहेत यावर ते ठरतं. एल१टीएफमध्ये एका कोअरच्या दोन थ्रेडना एल१ कॅश सामाईक असते. गेस्टमध्ये शिरताना कर्नल ती कॅश धुतो, पण शेजारच्या थ्रेडवर त्याच वेळी काय चाललंय त्याला हा उपाय पुरत नाही. म्हणून एल१टीएफ किंवा एमडीएस लागू असलेल्या इंटेल सर्व्हरवर परक्या ग्राहकांची व्हीएम असतील तर हायपरथ्रेडिंग बंद करा. क्षमता घटेल. ती किंमत आहे आणि ती मोजावी.

सगळी व्हीएम तुमच्याच संस्थेची असतील आणि त्यांत कुणी अनोळखी माणूस कोड चालवत नसेल, तर चालू ठेवणं मी समजू शकतो. एएमडीला एल१टीएफ आणि एमडीएस लागू नाहीत. ५.१४ पासून कोअर शेड्युलिंग आलं आहे. त्यामुळे एका कोअरवर एकाच मालकाचे थ्रेड बसवता येतात आणि गेस्ट-गेस्टमधला धोका कमी होतो. गेस्ट आणि होस्टच्या कर्नलमधला धोका मात्र त्यानं पूर्ण जात नाही.

८. 'मिटिगेशन्स=ऑफ' केलं की सर्व्हर वेगात चालतो असं वाचलं. करू का?

होस्टवर नको. प्रोसेसरच्या त्रुटींवरचे उपाय बंद करणाऱ्या त्या एका शब्दानं एल१टीएफची कॅश-धुलाई जाते. इंटेलवर गेस्टनं अख्खा होस्ट गोठवू नये म्हणून केव्हीएम मोठ्या मेमरी पानांवर जे बंधन घालतं, तेही जातं. वेग खरोखर कमी पडत असेल तर कोणत्या उपायानं किती फरक पडतो ते एकेक करून मोजा.

९. होस्टवर मायक्रोकोड अपडेट केला. गेस्ट आपोआप सुरक्षित झाले ना?

होस्ट झाला. गेस्टचं तसं नाही. गेस्टच्या कर्नललाही स्वतःच्या आतल्या प्रोसेस एकमेकींपासून वाचवायच्या असतात आणि त्यासाठी नव्या सीपीयू सुविधा त्याला दिसाव्या लागतात. मायग्रेशन सोपं जावं म्हणून आपण बरेचदा व्हीएमला एखादं जुनं, समाईक सीपीयू मॉडेल देतो. त्या मॉडेलमध्ये 'स्पेक-सीटीआरएल', 'एसएसबीडी', 'एमडी-क्लिअर' हे फ्लॅग (सुविधा आहे हे सांगणाऱ्या खुणा) नसतील तर गेस्ट जुन्याच समजुतीत राहतो.

क्रम असा ठेवा. आधी होस्टचा मायक्रोकोड आणि कर्नल, मग होस्ट रीबूट, मग व्हीएमच्या सीपीयू मॉडेलमध्ये फ्लॅग, मग व्हीएम पूर्ण बंद करून चालू. आतून रीस्टार्ट का चालत नाही, ते प्रश्न ३ मध्ये आहे. शेवटी गेस्टच्या आत जाऊन प्रश्न ६ मधली डिरेक्टरी पुन्हा वाचा.

मायक्रोकोड चालू कर्नलमध्ये मध्येच भरू नका. तो बूटच्या सुरुवातीलाच चढला पाहिजे. आणि ज्या प्रोसेसरना उत्पादक आता मायक्रोकोड देत नाही, त्यांच्यावर परक्यांची व्हीएम ठेवू नयेत.

१०. माझ्या सर्व्हरवर कर्नल ४.१८ आहे. एवढा जुना कर्नल धोक्याचा नाही का?

तो रेड हॅट ८ च्या घराण्यातला असेल तर आकड्यावरून घाबरू नका. रेड हॅट ८ मध्ये ४.१८ आणि ९ मध्ये ५.१४ हा आकडा गोठवून नव्या दुरुस्त्या त्यात मागे आणून बसवतात. आकड्यातला पुढचा, पॅकेजचा भाग पाहा आणि तुमच्या वितरणाच्या सुरक्षा सूचनांशी ताडून बघा. नुसता आवृत्तीचा आकडा वाचणारे स्कॅनर इथे खोटा गजर करतात. वितरणाचा पाठिंबाच संपला असेल तर मात्र गजर खरा आहे. 'नवा तो चांगला' म्हणून इंटरनेटवरून भलताच कर्नल बसवणं हा त्यावरचा उपाय नाही. नव्या कोडसोबत नव्या त्रुटी येतात, प्रश्न २ मधली २०२१ ची त्रुटी तशीच आली होती.

११. कर्नलच्या सीव्हीई एवढ्या येतात की वाचूनच होत नाहीत. निवड कशी करायची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्स कर्नल प्रकल्प स्वतःच सीव्हीई क्रमांक देऊ लागला आणि तेव्हापासून पूर आला, कारण सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक मिळतो. एकेक निवडून पॅच लावायच्या फंदात पडू नका, वितरणाचं अख्खं कर्नल अपडेट घ्या. निवड करायची ती फक्त घाईची. केव्हीएम, व्हीहोस्ट, व्हीएफआयओ (उपकरण थेट व्हीएमला देणारा भाग), आयओएमएमयू (उपकरणांच्या मेमरी-प्रवेशावर लगाम ठेवणारा), टन-टॅप (व्हीएमचं आभासी नेटवर्क) आणि मेमरी व्यवस्थापन यांतली त्रुटी असेल आणि गेस्टमधून ती गाठता येत असेल, तर ठरलेल्या रात्रीची वाट पाहू नका. एखाद्या साउंड कार्डच्या ड्रायव्हरमधली त्रुटी पुढच्या फेरीपर्यंत थांबू शकते.

१२. होस्टवर आणखी काय काय बंद करावं?

होस्टनं होस्टचंच काम करावं. वेबसाइट, डेटाबेस, बॅकअपचं वेब पान, कुणी 'दोन दिवसांसाठी' टाकलेला डॉकर, यातलं काहीही तिथे नको. रूट नसलेल्या वापरकर्त्यांना ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) बंद असावं. साध्या वापरकर्त्यांची खातीच नसलेली बरी.

एसईलिनक्स (कोणत्या प्रोसेसनं काय उघडावं हे ठरवणारा कर्नलमधला पहारा) बंद करू नका. लिबव्हर्टसोबतचं एसव्हर्ट प्रत्येक व्हीएमच्या प्रोसेसला आणि तिच्या डिस्कला स्वतंत्र लेबल लावतं. क्यूईएमयू फोडून कुणी बाहेर आलं तरी त्याला शेजारच्या व्हीएमची डिस्क उघडता येत नाही. 'एक डिस्क माउंट होत नव्हती' म्हणून एसईलिनक्स कायमचं बंद केलेले सर्व्हर फार दिसतात, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण चुकलेलं लेबल सुधारायला एक आज्ञा पुरते. उबुंटूवर हेच काम अ‍ॅपआर्मर करतं. प्रॉक्समॉक्स लिबव्हर्ट वापरत नाही, त्यामुळे तिथे हे कवच आपोआप मिळत नाही. तिथे बाकीची शिस्त अधिक कडक हवी.

व्हीएमला न लागणारी उपकरणं काढून टाका. फ्लॉपी, साउंड, यूएसबी सर्व्हरला कशाला? एडब्ल्यूएसनं २०१८ मध्ये खुलं केलेलं फायरक्रॅकर याच विचारावर उभं आहे. त्यात मोजकीच उपकरणं ठेवली आहेत.

१३. सिक्युअर बूट चालू केलं तर झेडएफएस (फाइल सिस्टिम) किंवा एनव्हिडियाचं मॉड्यूल चढत नाही. बंद करू?

सिक्युअर बूट सही असलेलाच कोड चढू देतं, म्हणून बंद करण्याऐवजी मॉड्यूलवर सही करा. स्वतःची किल्ली तयार करून ती मशीन ओनर की म्हणून एकदा नोंदवायची, मग प्रत्येक नव्या कर्नलसोबत मॉड्यूल नव्यानं बांधणारं डीकेएमएस आपोआप सही करतं. सिक्युअर बूटसोबत अनेक वितरणांत ५.४ मध्ये आलेलं कर्नल लॉकडाउनही लागू होतं. त्यात रूटलासुद्धा चालू कर्नलची मेमरी बदलता येत नाही. सही करायची किल्ली त्याच होस्टवर उघडी पडलेली असेल, तर या सगळ्याचा उपयोग बराच कमी होतो.

१४. त्याच होस्टवर एलएक्ससी कंटेनर चालवले तर?

कंटेनरमधला कोड थेट होस्टच्या कर्नलला हाक मारतो, मध्ये व्हीएमची भिंत नसते. स्वतःच्या विश्वासातल्या कामासाठी अनप्रिव्हिलेज्ड (होस्टवर रूटचे अधिकार नसलेला) कंटेनर चालेल. परक्याचा कोड असेल तर व्हीएममध्येच टाका.

१५. केएसएमनं बरीच रॅम वाचते. त्यात धोका कसला?

केएसएम वेगवेगळ्या व्हीएममधली सारखी मेमरी पानं शोधून एकच प्रत ठेवतं. अशा पानावर लिहायला गेलं की आधी त्याची प्रत करावी लागते, त्याला किंचित जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यावरून शेजाऱ्याच्या मेमरीत काय आहे याचा अंदाज बांधता येतो. २०१६ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या फ्रिये विद्यापीठातल्या संशोधकांनी 'फ्लिप फेंग शुई'मध्ये त्यापुढची पायरी दाखवली. पानं एक झाल्यावर रोहॅमरनं, म्हणजे मेमरीच्या शेजारच्या ओळींवर वारंवार घाव घालून, एक बिट उलटवून शेजारच्या व्हीएमची एसएसएच सार्वजनिक किल्ली त्यांनी बिघडवली आणि तिच्यातून आत शिरले.

परके ग्राहक असतील तर केएसएम बंद. प्रॉक्समॉक्समध्ये रॅम बरीच भरली की ते आपोआप कामाला लागतं, हे ध्यानात ठेवा. नुसती सेवा थांबवून आधी जोडलेली पानं सुटत नाहीत, त्यासाठी केएसएमच्या 'रन' फाइलमध्ये २ लिहावं लागतं. पानं सुटताच रॅमची मागणी उसळते, तेव्हा आधी जागा आहे का पाहा.

१६. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन मी कधी चालूच केलं नव्हतं, तरी चालू दिसतंय. असं का?

इंटेलवर ४.२० पासून ते मूळ कर्नलमध्ये आपोआप चालू असतं, एएमडीवर त्याही आधीपासून. गरज नसेल तर मॉड्यूलच्या पर्यायात 'नेस्टेड=०' करा. केव्हीएममधल्या गंभीर त्रुटींचा मोठा वाटा याच गुंतागुंतीच्या भागात सापडला आहे. प्रयोगशाळेसाठी हवंच असेल तर त्यासाठी वेगळा होस्ट द्या.

१७. ग्राफिक्स कार्ड थेट व्हीएमला दिलं आहे. ते सुरक्षित आहे का?

आयओएमएमयू चालू असेल आणि कार्ड त्याच्या गटात एकटं असेल तर बऱ्यापैकी. आयओएमएमयू त्या कार्डाला फक्त त्याच व्हीएमच्या मेमरीपुरतं बांधून ठेवतो. गट फोडण्यासाठी 'एसीएस ओव्हरराइड' पॅच लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. तो पॅच हार्डवेअरमध्ये नसलेली भिंत आहे असं कर्नलला सांगतो. घरच्या प्रयोगात करा, ग्राहकांच्या सर्व्हरवर नको. एका व्हीएमकडून काढून दुसऱ्याला कार्ड देताना हेही लक्षात ठेवा की पहिल्या व्हीएमचा मालक त्याच्या फर्मवेअरशी खेळलेला असू शकतो.

१८. एएमडीचं एसईव्ही-एसएनपी किंवा इंटेलचं टीडीएक्स घेतलं तर ही सगळी उठाठेव संपेल का?

नाही, कारण ती संरक्षणं उलट दिशेची आहेत. ती गेस्टची मेमरी कूटबद्ध करून गेस्टला होस्टपासून वाचवतात. मूळ कर्नलमध्ये होस्टच्या बाजूनं एसएनपी ६.११ मध्ये आणि टीडीएक्स ६.१६ मध्ये आलं. होस्टला दुष्ट गेस्टपासून वाचवायचं काम वरच्या सगळ्या उत्तरांनाच करावं लागतं.

१९. गेस्टमधून कुणी होस्टवर आलं असा संशय आहे. पहिलं काय करायचं?

होस्टला नेटवर्कपासून तोडा, पण लगेच वीज बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. त्यावरची व्हीएम 'वाचवायला' दुसऱ्या होस्टवर मायग्रेट करू नका. त्यांतलं एखादं हल्लेखोराच्या ताब्यात असू शकतं आणि प्रश्न २ मधली व्हीहोस्टची त्रुटी नेमकी मायग्रेशनच्या वेळीच उघडत होती. लॉग होस्टबाहेर साठत असतील तर आता त्यांचा उपयोग होईल. होस्टवरचेच लॉग असतील तर त्यांवर विसंबू नका.

भारतात चालणाऱ्या सेवांना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत. त्यांत नमूद केलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. सहा तास फार थोडे आहेत, म्हणून कुणी कळवायचं हे आजच ठरवून ठेवा.

नंतर होस्ट साफ करत बसू नका, नव्यानं बसवा. फर्मवेअर आणि बीएमसीही (सर्व्हर दुरून सांभाळणारी चिप) पुन्हा भरा. त्या होस्टवर असलेल्या प्रत्येक व्हीएमचे पासवर्ड, एसएसएच किल्ल्या आणि टीएलएस प्रमाणपत्रं बदला, ज्या व्हीएममध्ये काहीच संशयास्पद सापडलं नाही त्यांचीसुद्धा.